ब्लीचने वाट लागलेले केस आणि बाँड रिपेअर – खरंच काही जुळतं का?

वेंधळी (रविवार, रात्री १०:४०)
आधी कबुली देते. मामेबहिणीच्या लग्नासाठी मी केस ॲश ग्रे करायला गेले. काळेभोर, कंबरेपर्यंतचे, आयुष्यात तेल आणि शांपूपलीकडे काही न लागलेले केस. पार्लरवाल्या मुलीने एकाच दिवशी दोनदा ब्लीच केलं. पहिल्यानंतर केस भगवे, दुसऱ्यानंतर पिवळे, मग त्यावर राखाडी रंग. फोटो झकास आले. तो राखाडी रंग तीन आठवडे टिकला. आता डोक्यावर उन्हात विसरलेली चटई आहे.

रंगाचं दुःख नाही, पण ओला केस दोन बोटांत धरून ओढला तर च्युइंगमसारखा लांबतो आणि परत आखडत नाही. आणखी ओढला की तुटतो, तोही आवाज न करता. चांगला केस तुटताना टक् असा बारीक आवाज येतो. हा नुसता सुटतो. न्हाणीघराच्या जाळीत रोज मूठभर तुकडे.

आता तेच पार्लर म्हणतंय, चार सिटिंग 'बाँड रिपेअर' करा, प्रत्येकी ३५०० रुपये, 'आतले तुटलेले बाँड जोडून केस पहिल्यासारखे होतील'. हे बाँड म्हणजे नक्की काय? ते खरंच जोडले जातात का? आणि आई म्हणते हे म्हणजे रिबाँडिंगच, नाव बदललंय. खरं का?

चहाबाज
रुमाल टाकून ठेवतो. मला स्वतःला केस उरलेले नाहीत, पण उत्सुकता उरली आहे.

पमाताई
वेंधळी, बाकी काही वाचलं नाहीस तरी चालेल, एवढं वाच. रिबाँडिंग आणि बाँड रिपेअर एक नाही. रिबाँडिंगमध्ये क्रीम लावून केसातले बंध मुद्दाम तोडतात, इस्त्री फिरवून केस सरळ करतात आणि न्यूट्रलायझर लावून त्या सरळ आकारात परत बसवतात. ब्लीच केलेल्या केसांवर ते क्रीम गेलं तर केस कंगव्यात येतात, डोक्यावर राहत नाहीत. नाशकात एकोणीस वर्षं पार्लर चालवतेय. 'ताई, ब्लीच करून वर्ष झालं, आता चालेल ना' म्हणत येतात. ब्लीच झालेला केस तोच असतो गं, वर्षाने काय होणार? नाही म्हणून परत पाठवते. मग दुसरीकडे करून रडत येतात.

आणि काळ्या केसांवर एका दिवसात दोन ब्लीच? काही आठवड्यांचं तरी अंतर ठेवायचं होतं. डेव्हलपर, म्हणजे ब्लीचच्या पावडरीत कालवतात ते पेरॉक्साइड, किती व्हॉल्यूमचा होता, विचारलंस का?

वेंधळी
नाही विचारलं पमाताई. डबीवर ४० लिहिलेलं पाहिल्यासारखं वाटतंय. मला वाटलं ४० मिली.

पमाताई
अरे देवा. २० म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ३० म्हणजे ९, आणि ४० म्हणजे १२ टक्के. आमच्याकडे २० च्या वर हात जात नाही. वेळ लागतो, लागू दे.

रसायनशाळा
जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर सोडा.

केसाला धरून ठेवणारे बंध तीन प्रकारचे. पहिला हायड्रोजन बंध. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केसांना लाटा येतात आणि न्हालं की त्या जातात, हा सगळा ह्याचा खेळ. पाण्याने सुटतो, वाळला की बसतो. दुसरा मिठाचा बंध. केसातल्या प्रथिनावर कुठे धन भार असतो, कुठे ऋण, ते एकमेकांना धरतात. आम्ल-अल्कली बदललं की हा ढिला होतो. तिसरा सगळ्यांत दणकट, डायसल्फाइड. शेजारच्या दोन साखळ्यांवरच्या दोन गंधकांची सांगड. पाण्याने, शांपूने, कंगव्याने हा तुटत नाही. केस जळल्यावर जो घाण वास येतो तो ह्याच गंधकामुळे.

ब्लीचच्या पावडरीत पर्सल्फेट असतात, त्यात पेरॉक्साइड कालवतात. ते मिश्रण चांगलंच अल्कली असतं. केस फुगतो, वरचे खवले उघडतात आणि पेरॉक्साइड आत जाऊन मेलॅनिनचा, म्हणजे केसाच्या नैसर्गिक रंगाचा, फडशा पाडतो. पण मेलॅनिन कुठलं आणि गंधक कुठलं हे त्याला कळत नाही. डायसल्फाइडही तुटतो, आणि नुसता तुटत नाही, गंधकाला ऑक्सिजन चिकटत जाऊन त्याचं सिस्टेइक आम्ल होतं. इथेच रिबाँडिंगपेक्षा गोष्ट वेगळी होते. रिबाँडिंगच्या क्रीममध्ये तुटलेल्या टोकाला हायड्रोजन लागतो. त्याला थायॉल म्हणतात, ते परत जुळू शकतं. सिस्टेइक आम्लाचा डायसल्फाइड पुन्हा होत नाही. शर्टाची बटणं काढून दुसरीकडे लावणं म्हणजे रिबाँडिंग. बटणं इस्त्रीखाली वितळणं म्हणजे ब्लीच.

दुसरं नुकसान कोणी सांगत नाही. निरोगी केसावर बाहेरून एक तेलकट थर असतो, नुसता लावलेला नाही, रासायनिक बंधाने जडलेला. वीस कार्बनी साखळीचं, अठराव्या कार्बनावर एक फाटा असलेलं मेदाम्ल, १८-एमईए. ह्या थरामुळे पाणी केसावरून घरंगळतं. ब्लीचने तो जातो. मग केस पाणी पितो, फुगतो आणि वाळता वाळत नाही.

वेंधळी
तरीच! पूर्वी तासाभरात वाळायचे. आता सकाळी न्हाले तर दुपारच्या चहापर्यंत पाठ ओली. मला वाटत होतं पुण्याची हवा बदलली.

शेंडीवाला काका
ह्या सगळ्यावर एकच उपाय, खोबरेल तेल. आमची आजी नव्वदीत गेली, वेणी मनगटाएवढी होती.

डोंबिवलीकर
काका, आजींनी ४० व्हॉल्यूमने ब्लीच केलं होतं का?

शेंडीवाला काका
तिला अक्कल होती.

रसायनशाळा
हसू नका, काका निम्मे बरोबर आहेत. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. धुताना केसातून जे प्रथिन झिजून जातं ते खोबरेल तेलानेच लक्षणीय कमी झालं, चांगल्या केसांत आणि ब्लीच केलेल्या केसांतही. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं, म्हणून केसात शिरतं. बाकीची दोन तेलं वरवर राहतात. तेल विकणाऱ्या कंपनीचा अभ्यास आहे हे लक्षात ठेवूनच वाचायचं, पण कारण पटण्यासारखं आहे. मात्र तेल न्हायच्या आधी लावायचं, आणि त्याने बंध जुळत नाहीत, पुढची झीज कमी होते.

शेंडीवाला काका
निम्मे बरोबर म्हणजे बरोबरच.

सॅन होजेची सई
मी ह्या बाबतीत कट्टर आहे, आधीच सांगते. पाच वर्षं केस ब्लाँड ठेवतेय. २०१४ साली ऑलाप्लेक्स हे बाँड रिपेअरचं औषध आलं तेव्हापासून इथली सलून्स बदलली. कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा विद्यापीठाशी जोडलेले दोन रसायनतज्ज्ञ, क्रेग हॉकर आणि एरिक प्रेस्ली, ह्यांनी तो रेणू बनवला. एक नंबरची बाटली ब्लीचमध्येच मिसळतात, दोन नंबरची त्यानंतर लावतात, तीन नंबरची घरी वापरायची. मला फरक पडला. रसायनशाळा, तुमचं बटण वितळलं वगैरे ठीक आहे, पण माझे केस खांद्याखाली आहेत आणि तुटत नाहीत. ह्याला काय म्हणाल?

रसायनशाळा
म्हणेन की तुमच्या केसांत ते ब्लीचच्या वेळीच होतं. मुद्दा तोच आहे. वेंधळीचं ब्लीच होऊन गेलंय.

त्या रेणूचं नाव बिस-अमिनोप्रोपिल डायग्लायकॉल डायमॅलिएट. दोन टोकं, दोन्हीकडे मॅलिएट, म्हणजे मॅलेइक आम्लाचं रूप. कंपनी म्हणते की मोकळे थायॉल दिसले की एकेक टोक एकेकाला धरतं आणि मधे पूल होतो. कागदावर रसायनशास्त्र चुकीचं नाही, मॅलिएटमधला दुहेरी बंध थायॉलला धरू शकतो. पण मग बाकीच्या बाटल्यांवरचं वाचा. लॉरियालच्या स्मार्टबाँडमध्ये मॅलेइक आम्ल. श्वार्झकॉफच्या फायबरप्लेक्समध्ये सक्सिनिक आम्ल. रेडकेनच्या ॲसिडिक बाँडिंग मालिकेत सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातलं. सक्सिनिक आणि सायट्रिकमध्ये तो दुहेरी बंधच नाही. थायॉलला धरायला त्यांना हातच नाही. तरी सगळ्यांवर 'बाँड' लिहिलेलं.

ह्या सगळ्यांत समान काय? सगळी दोन किंवा जास्त आम्लगट असलेली छोटी आम्लं किंवा त्यांची रूपं. माझा अंदाज असा की मुख्य काम दुसऱ्या बंधाचं, म्हणजे मिठाच्या बंधाचं होतं. अल्कलीने फुगलेला केस आम्लाने आखडतो, खवले बसतात, धन भारांना आम्लगट धरतात, पाण्यातले धातूही थोडेफार बांधले जातात. केस घट्ट वाटतो, ओला असताना कमी ताणतो. फरक खरा आहे, पाटीवर लिहिलेलं कारण मात्र मला पटत नाही.

सॅन होजेची सई
'तुमचा अंदाज' आणि पेटंट ह्यांत पेटंटचं वजन जास्त नाही का? ऑलाप्लेक्सने लॉरियालविरुद्ध दावा लावला होता. २०१९ मध्ये ज्यूरीने कौलही दिला होता.

वकिलीण
अवांतर, पण माझं क्षेत्र आहे म्हणून. तो दावा पेटंट आणि व्यापारी गुपितं चोरल्याचा होता. केस खरंच जुळतात का हे कोर्टाने तपासलं नाही, कोणी तसं विचारलंही नव्हतं. आणि २०२१ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल उलटवला. पेटंट म्हणजे 'ही कल्पना नवीन आहे आणि माझी आहे' एवढंच. ती किती गुणकारी आहे ह्याचं ते प्रमाणपत्र नव्हे.

डोंबिवलीकर
त्याच साली ऑलाप्लेक्सचा शेअर २१ डॉलरला बाजारात आला होता. पुढे दोन डॉलरच्या खाली गेला. त्याचे बाँड कोणी जोडेना.

सॅन होजेची सई
बरं, न्यायालय सोडा. माझ्या बहिणीला ब्लीच झाल्यानंतरच्या केसांवर के१८ ने फरक पडला. शांपू करायचा, कंडिशनर लावायचा नाही, टॉवेलने टिपून ते लावायचं, चार मिनिटं थांबायचं आणि धुवायचं नाही. त्यात पेप्टाइड आहे, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, मॅलिएट नाही. युनिलिव्हरने २०२४ मध्ये ती कंपनी विकत घेतली, उगाच घेतली का?

चहाबाज
युनिलिव्हर गोरं करणारं क्रीमही विकायची हो.

नागपुरी संत्रं
मी मधे पडते, कारण मी हा उद्योग घरी केलाय. केस कापले तेव्हा वेणी फेकली नाही. त्यातल्या दोन बटा दोऱ्याने बांधून काचेच्या वाट्यांत ब्लीच केल्या. एका वाटीत नुसतं ब्लीच, दुसरीत बाँडवाल्या सॅशेतलं औषध मिसळून. वेळ सारखा, घड्याळ लावून. औषधवाली बट अर्धी सावली कमी उजळली, हे पहिलं. म्हणजे ते ब्लीचचा जोरच थोडा मारत असणार, आणि जोर कमी म्हणजे नुकसान कमी. धुतल्यावर कंगवा तिच्यातून सुळकन गेला. साध्या बटीत अडकला, चार-पाच केस घेऊन आला.

मग एकेक केस ओला करून त्याला खाली कागदी पुडी बांधली आणि त्यात साबुदाणे टाकत गेले, तुटेपर्यंत. दोन्ही बटांतले दहा-दहा केस. इथे मात्र मला फरक काढता आला नाही. काही केस लवकर गेले, काही उशिरा, दोन्हीकडे. बटीत कळतं, एकट्या केसात कळत नाही. नवऱ्याने विचारलं, खिचडी कधी?

रसायनशाळा
वा! हे प्रतिसादाचं सोनं आहे. दहा केस कमी आहेत आणि केसाची जाडी सारखी नसते, तरी कल्पना उत्तम. कंगव्यातला फरक घर्षणाचा. त्याला कंडिशनरमधले धन भाराचे रेणूसुद्धा पुरतात. ब्लीचने केसावर ऋण भार वाढलेला असतो, म्हणून ते नेमके खराब जागी जाऊन बसतात. सिलिकोनचंही तसंच, अमोडिमेथिकोन नाव शोधा.

डोंबिवलीकर
साबुदाणे भिजवलेले होते की कोरडे?

नागपुरी संत्रं
कोरडे. मी नागपूरची आहे, वेडी नाही.

पमाताई
सगळ्या हुशार लोकांनी पाण्याचा विषय सोडला. बोअरच्या पाण्यावरच्या सोसायट्यांतून येणाऱ्या बायकांचे केस ब्लीचनंतर जास्त वाईट होतात, हे मी डोळ्यांनी बघते.

आणि मेहंदी! नुसत्या पानांची मेहंदी एक वेळ ठीक. पण बाजारातल्या 'काळी मेहंदी' पुड्यांत काय काय असतं देव जाणे. एकदा एकीने सांगितलं 'काहीच लावलेलं नाही', आणि ब्लीच लावल्यावर फॉइल हाताला चटका बसेल इतकी गरम झाली. धावत धुतलं. तेव्हापासून आधी मानेमागची एक बट कापून ब्लीचमध्ये बुडवून बघते, मगच डोक्याला हात.

रसायनशाळा
दोन्ही बरोबर. ब्लीच केलेला केस पाण्यातलं तांबं, कॅल्शियम जास्त शोषतो, आणि तांबं पेरॉक्साइडला आणखी भडकवतं. मेहंदीच्या पुड्यांत धातूंचे क्षार असतील तर तेच, फॉइल गरम होणार.

शून्यकेशी
माझ्या टकलावर बाँड रिपेअर चालेल का?

चहाबाज
या, इकडे बसा शेजारी.

मोगरा_७
माझी बाजू वेगळी आहे. मी तीन सिटिंग केली, चांगल्या ठिकाणी. दर वेळी घरी येताना केस रेशमासारखे. दोन-तीनदा न्हालं की परत काथ्या. तिसऱ्या वेळी मी त्या मुलीला विचारलं की आजच्या सिटिंगमध्ये बाँडवालं काय आणि बाकीचं काय. तिने मोकळेपणाने दाखवलं. बाँडवालं वीस मिनिटं, मग भारीतला मास्क, मग सीरम, मग ब्लो ड्राय. बाँड कुठला आणि ब्लो ड्राय कुठला, मला कसं कळणार? मी पैसे देऊन आले, पण शेवटचे.

सॅन होजेची सई
हे मात्र मान्य. माझी बहीणही प्रत्येक शांपूनंतर वापरते, थांबली की महिन्यात जैसे थे. जुळलेले बंध असे न्हाणीतून वाहून जायला नकोत.

शेंडीवाला काका
सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात. इथे पीळ गेला, सुंभ राहिला.

व्यवस्थापक
धाग्याला फाटे फुटायला लागले आहेत. शेअर बाजार आणि साबुदाणा यांसाठी वेगळे धागे काढावेत.

डोंबिवलीकर
फाटे फुटले तर धागा वरून कापावा लागेल, व्यवस्थापक. पमाताईंना बोलवा.

पमाताई
हसण्यावारी नेऊ नका, फाटे फुटलेला केस कापावाच लागतो. नाही कापला तर फाटा वर चढतो.

वेंधळी (पुढच्या शनिवारी, संध्याकाळी ६:१५)
धागा वर काढतेय. सगळ्यांचे आभार, काकांचेसुद्धा.

पार्लरमध्ये गेले आणि पमाताईंचे प्रश्न विचारले. डेव्हलपर ४० चाच होता. 'चार सिटिंगनंतर ओला केस ताणून दाखवाल का, आणि नाही आखडला तर?' असं विचारलं तर म्हणाली, गॅरंटी कशाचीच नसते मॅडम. मग ते १४००० वाचले.

दुसरीकडे गेले, कोथरूडमध्ये, एका वयस्क बाईंकडे. त्यांनी काही न बोलता केस ओले केले, डोक्याच्या चार ठिकाणचा एकेक केस काढून ताणला. वरचे दोन बोटं नवीन आलेले काळे, ते आखडले. कानाच्या पातळीपर्यंतचे कसेबसे आखडले. त्याखालचे सगळे च्युइंगम. म्हणाल्या, कानाखाली जे आहे ते केस नाहीत, केसांचा फोटो आहे. महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, तुझं तू गणित कर.

हनुवटीपर्यंत कापले. त्याच्या वरचं थोडं पिवळं राहिलंय, त्याला न्हायच्या आधी खोबरेल, मग कंडिशनर, आणि एक आम्लवाला मास्क आठवड्याला, स्वस्तातला. इस्त्री, ड्रायर बंद. पाच दिवसांत जाळीतले तुकडे निम्म्याहून कमी झालेत. पण त्याचं श्रेय कोणाला, कात्रीला की मास्कला, ते मला सांगता येणार नाही.

कापलेली वेणी आणलीय घरी. नागपुरी संत्रं, पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा, साबुदाणे माझ्याकडून.

नागपुरी संत्रं
पाठव गं. ह्या वेळी पन्नास केस घेते आणि त्यांची जाडीही मोजते, भावाच्या वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर आहे.

नवीन_सदस्य_२२
छान माहिती. मी मागच्या महिन्यात ब्लीच केलंय, आता रिबाँडिंग केलं तर चालेल का?

पमाताई
वर वाच. आधी वर वाच. नाही, थांब, नाशिकला असशील तर सरळ इकडे ये.